पंख्यावर नाव चालतं, मग पगारावर का नको?

कोकणात सभागृह बांधायला पैसे मिळतात, पण त्या सभागृहाची चावी ज्या बाईकडे असते तिला महिन्याला द्यायला मिळत नाहीत. बँकेतून रिटायर झालेल्या माणसाला गावात न विचारताच खजिनदार करतात तसं माझंही झालं, आणि मग आजूबाजूच्या संस्थांच्या वह्याही "जरा बघा हो" म्हणून घरी यायला लागल्या, गुहागर-दापोलीकडच्या, एखादी खाली राजापूरकडची. वाचनालय, बालवाडी, अभ्यासिका, रुग्णवाहिका चालवणारं मंडळ, असलं सगळं. वही कुठलीही उघडा, जमेच्या बाजूला बांधकाम निधी, ग्रिल, फरशी, पंखे, पाण्याची टाकी, रंगकाम, आणि खर्चाच्या बाजूला "मानधन" नावाची एक ओळ, ती बिचारी कुठून कुठून ओढून भरलेली, कधी तीन महिन्यांचं एकदम, कधी अर्धंच, कधी नुसतंच "देणे बाकी".

एका गावात रुग्णवाहिका आहे. चांगली आहे, नवीन आहे, नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो पेपरात आला. ड्रायव्हरला महिन्याला कोण देणार हे त्या दिवशी कोणीच विचारलं नाही, कारण अशा दिवशी असलं काही विचारणं अपशकुन केल्यासारखं वाटतं. आता गाडी देवळाच्या मागे निळ्या ताडपत्रीखाली उभी असते आणि रात्री कोणाच्या छातीत दुखायला लागलं की लोक वाडीतल्या रिक्षावाल्यालाच उठवतात.

मुंबई मंडळाच्या मिटिंगला हा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं. "अण्णा, पगाराला कशाला पैसे? गावात कोण फुकट करणारा नाय काय?"

नाय. खरंच नाय. तरणी पोरं पुण्या-मुंबईला, राहिलेली बागेत नाहीतर बोटीवर, आणि गावात उरलेल्या बायकांच्या मागे घर, म्हातारी माणसं, गुरं, लावणी, काजू, सगळंच आहे. फुकट करणारा एखादा उत्साही मिळतो, तो मे महिन्यात मिळतो आणि पाऊस पडला की भात लावायला जातो, त्यात त्याची काही चूक नाही. रोज संध्याकाळी चार ते आठ वाचनालय उघडं ठेवायचं, पोरं आली की त्यांना बसवायचं, वीज गेली की वायरमनला फोन करायचा, हे काम वर्षभर फुकट होत नाही. जिथे होतंय असं दिसतं तिथे कोणाच्या तरी घरातून त्याची किंमत वसूल होत असते, बहुतेक वेळा त्या बाईच्याच.

आता गंमत बघा. ज्यांचे फोटो आपण प्रत्येक वाचनालयाच्या भिंतीवर हार घालून लावतो त्यांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच अंगावर घेतला होता. गोपाळ कृष्ण गोखले आपल्या कोतळूकचे, गुहागर तालुक्यातले. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत (ही १८८४ ची) आजीव सदस्य झाले ते महिना ७५ रुपये घेऊन, वीस वर्षं काम करायच्या करारावर. त्यागच होता, बाहेर कितीतरी जास्त मिळाले असते, पण ७५ रुपये होते आणि ते कागदावर ठरलेले होते. पुढे १९०५ ला त्यांनी भारत सेवक समाज काढला तिथेही सेवकांच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या पोटापाण्याची तजवीज संस्थेने करायची असंच ठेवलं. आणि रत्नागिरीचे टिळक त्याच डेक्कन सोसायटीतून १८९० मध्ये बाहेर पडले, त्या भांडणाच्या मुळाशी एक मोठा मुद्दा काय होता तर आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करायची का नाही. म्हणजे एवढी मोठी माणसं पगाराच्या विषयावर हमरीतुमरीवर येत होती आणि आपल्या सभेत तो विषय काढला की सगळे चहाचा कप शोधतात.

दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे तर त्याच्याही पुढे गेले. १८९६ ला विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ ला महिला विद्यालय, आणि लगेच १९०८ ला निष्काम कर्म मठ. मठ म्हणजे भजनाचा नाही, या संस्थांना आयुष्य वाहून घेणारी माणसं मिळावीत, टिकावीत म्हणून केलेली वेगळी संस्था. इमारतीच्या आधी माणसांची सोय. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपण आधी स्लॅब टाकतो आणि मग स्लॅबखाली कोण बसणार ते बघतो.

कर्व्यांचीच अजून एक गोष्ट. महिला विद्यापीठ १९१६ ला काढलं, पैशाची ओढाताण होतीच, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आज आपण एसएनडीटी म्हणतो ते हेच. म्हणजे नाव लावायला कर्व्यांची ना नव्हती. देणाऱ्याला आपल्या आईचं नाव कुठेतरी राहावं असं वाटतं, त्यात वाईट काहीच नाही, आपणही श्राद्धपक्षाला दुसरं काय करतो. प्रश्न एवढाच की नाव कशावर लावायचं. आपल्याकडे बाकावर लागतं, पंख्याच्या पात्यावर लागतं, पाण्याच्या टाकीवर तर असं लागतं की टाकी छोटी आणि नाव मोठं. पगारावर का लागू नये?

तर आमच्या वाचनालयात एक प्रकार चालू केला तो सांगतो, कारण तो चाललाय. ग्रंथपाल ताईंना महिना आठ हजार द्यायचं ठरलं. (आकडा कमीच आहे, मला कळतंय, पण आधी नियमित आणि मग वाढ असा क्रम ठेवलाय.) वर्षाचे झाले ९६,०००. आता हे दोन रस्त्यांनी येऊ शकतात. एक म्हणजे कायम ठेव करा आणि व्याजावर पगार द्या, हा सगळ्यांचा आवडता रस्ता कारण एकदा मागितलं की सुटलो. पण ७ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ९६,००० यायला जवळपास १४ लाखांची ठेव लागते, आणि व्याज उतरलं की पगार उतरला. चौदा लाख कोणाकडून आणणार, आणि आणले तरी देणारा म्हणणार त्यात हॉलच बांधू की. दुसरा रस्ता म्हणजे ऐंशी घरांनी महिना शंभर रुपये. ऐंशी गुणिले शंभर, आठ हजार, संपला हिशोब. विरार, दिवा, बदलापूर मिळून आमच्या गावाची ऐंशीच्या वर घरं आरामात आहेत.

आणि हे काही मी शोधलेलं नाही. गिरणगावात प्रत्येक गावाच्या खोल्या असायच्या, आमच्या वडिलांच्या पिढीची माणसं तिथे पथारी टाकून राहिली, आणि दर महिन्याला पगार झाला की वर्गणी ठरलेली असायची, त्यातून गावच्या शाळेला, देवळाला, कोणाच्या आजारपणाला पैसे जायचे. तेव्हा पगार होता दीडदोनशे रुपये. महिन्याची वर्गणी ही आपलीच जुनी सवय आहे, मधे कुठेतरी तुटली आणि त्या जागी "पाच हजार एक" वाला बोर्ड आला.

शंभर रुपयांची मागणी करताना एक गोष्ट कटाक्षाने करा, बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन द्यायला लावा, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला आपोआप ट्रान्सफर. मोबाईल बँकिंगमध्ये पाच मिनिटांचं काम आहे आणि गणपतीत माणूस समोर असताना त्याच्याच मोबाईलवर बसून करून टाकायचं. "गेल्यावर करतो" म्हणाला की समजायचं तो कशेडी घाटातच विसरला. आमच्याकडे हे काम नववी-दहावीच्या पोरी करतात, काकांच्या हातातून मोबाईल घेतात आणि "काका ओटीपी सांगू नका मला, तुम्हीच टाका" असं दटावतात पण. त्यांना कोणी नाही म्हणत नाही.

ज्यांना महिन्याची भानगड नको त्यांच्यासाठी दुसरं. वर्षाचे बारा महिने आणि प्रत्येक महिन्याचा पगार एका घराचा. ज्याचे वडील आषाढात गेले त्याने आषाढ घ्यायचा, ज्याच्या आईचा वाढदिवस मार्गशीर्षात त्याने मार्गशीर्ष. आठ हजार रुपये, आणि त्या महिनाभर दारातल्या फळ्यावर खडूने लिहायचं, "या महिन्याचे वाचनालय कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ चालू आहे". संगमरवरी पाटीला खर्च येतो आणि ती शंभर वर्षं कोणी वाचत नाही, हा फळा गावातली पोरं रोज वाचतात, आणि ताई आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात पण. श्रावण आणि भाद्रपद तर आमच्याकडे पुढच्या वर्षांचेही बुक झालेत. फाल्गुन कोणी घेत नाही, का ते माहीत नाही, शिमग्याच्या बोंबा नावापुढे नको वाटत असतील बहुतेक.

ज्यांना वस्तूच द्यायची आहे त्यांनाही नाही म्हणायचं नसतं, पण आम्ही एक ठराव करून ठेवलाय की वस्तू घेताना तिचा तीन वर्षांचा चालू खर्चही सोबत घ्यायचा. एसी देताय, द्या, बिलाचे पण द्या. कॉम्प्युटर देताय, यूपीएसची बॅटरी आणि इंटरनेट धरून बोला. आधी लोक नाराज झाले, एकाने तर तोंडावर सांगितलं की भिकाऱ्याला पसंती कसली. झाली नाराजी आठ दिवस. पण जे राहिले ते मुद्दा समजून राहिले, आणि दिलेल्या वस्तू बंद पडल्या नाहीत म्हणून दुसऱ्यांदाही आले.

मागायचं कधी, यालाही कोकणात पंचांग आहे. चाकरमानी गावात पाय ठेवतो त्या दिवशी मागू नका, हायवेचं काम २०११ पासून चालूच आहे, तो चौदा-पंधरा तास गाडीत बसून आलेला असतो, त्याला आधी झोपू द्या. चतुर्थीला नको, गौरीच्या सणाला बायका कामात. गौरी-गणपती गेले की एक दिवस गाव सुस्तावतं, त्या दुपारी सभा. मे महिन्यात बागायतदाराकडे जाऊ नका, त्याचे पैसे तेव्हा वाशीच्या मार्केटात अडकलेले असतात, जूनमध्ये पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचा हिशोब, आली की जा, आणि यंदा आंबा किती आला ते आधी बघून जा. मोहोर गळालेल्या वर्षी बागायतदाराकडे देणगी मागायला गेलेला माणूस पुढची पाच वर्षं त्याच्या लक्षात राहतो, चांगल्या अर्थाने नाही.

मागण्याच्या आधी मात्र हिशोब. आणि हिशोब म्हणजे ऑडिट रिपोर्टची झेरॉक्स नव्हे, तो सीएला आणि धर्मादाय कार्यालयाला, माणसांसाठी एक पान वेगळं. वर्षभरात दिवा-पंखा-इंटरनेटला किती, पेपर-मासिकांना किती, पावसाळ्याआधी कौलं चाळायला किती, ताईंना किती, आणि किती दिवस दार उघडं होतं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तीन महिन्यांतून एकदा ते पान व्हॉट्सअपवर टाका, सोबत एकच फोटो. एक. सत्काराचे सत्तेचाळीस फोटो टाकले की लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग तुमचा हिशोबही म्यूट होतो.

एक दुखणं इथेच सांगून टाकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, दिवेआगर-श्रीवर्धनपासून मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळी झोपल्या, आणि वर्षाने २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळेला महाराष्ट्रभरातून लोकांनी पैसे दिले, ज्यांनी कोकण कधी बघितलं नाही त्यांनी दिले. किती संस्थांनी त्यांची नावं-पत्ते-फोन नीट लिहून ठेवले? आणि ठेवले त्यांतल्या कितींनी सहा महिन्यांनी "तुमच्या पैशातून हे झालं" असं दोन ओळींचं पत्र पाठवलं? मी बघितलेल्या वह्यांत तरी फार थोड्या. संकटात आलेला माणूस एकदाच येतो हे आपण धरूनच चालतो, म्हणून तो एकदाच येतो.

आता कागदपत्रं. कंटाळवाणं आहे पण इथेच संस्था मरतात. आधीच सांगतो, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे नंबर तुमच्या सीएला विचारूनच वापरा, मी जुन्या नावांनी बोलतोय कारण सगळ्यांच्या तोंडात तीच आहेत.

८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळते ती मान्यता) असेल तर ३१ मे च्या आत वर्षभराच्या देणगीदारांची यादी ऑनलाईन भरावी लागत आलीय, टेन बीडी म्हणतात ते, आणि त्यावरूनच देणगीदाराला सर्टिफिकेट निघतं. उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. ही तारीख ऐन आंब्याच्या गडबडीत येते म्हणून आपल्याकडे हमखास चुकते, तर एप्रिलमध्येच उरकून टाका. दोन हजाराच्या वर रोख घेतलं तर देणाऱ्याला ८०जी ची सवलत मिळत नाही, हे पावती फाडताना सांगा, नंतर नको. आणि आता बऱ्याच नोकरदारांनी नवीन टॅक्स रिजीम घेतलीय, त्यात ८०जी चा फायदाच नाही, त्यामुळे "टॅक्समध्ये सूट मिळेल" हे भांडवल करून मागायचे दिवस तसेही गेले. शंभर रुपये देणारा सवलतीसाठी कधी देतच नव्हता.

डबा फिरवून गोळा करत असाल तर डब्यासोबत वही फिरवा, नाव आणि पत्ता. शाळा, वाचनालय, दवाखाना असल्या संस्थेला निनावी देणग्या एका मर्यादेपर्यंतच चालतात (एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातलं जे जास्त असेल ते), वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. निव्वळ धार्मिक ट्रस्टला हा नियम नाही, म्हणून देवळाच्या पेटीकडे बघून वाचनालयात पेटी ठेवू नका.

बाहेरचे पैसे, हा आपल्या पट्ट्यात रोजचा प्रश्न, प्रत्येक मोहल्ल्यातला आणि वाडीतला कोणी ना कोणी कुवेत-दुबईला आहे. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकेतल्या चुलतभावाने तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) आहे, तर तो विदेशी. मग त्याचे शंभर रुपयेही एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, मग तो गणपतीत तुमच्या शेजारी बसून आरती म्हणत असला तरी. नोंदणी झाली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या संस्थेने या वाटेला जाऊ नये असं माझं मत. पासपोर्ट विचारायला लाज वाटू देऊ नका एवढंच.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातला ठरलेला वाटा समाजाच्या कामाला द्यायचा तो. लोट्याला कंपन्या आहेत, जयगडला आहेत, म्हणून जो तो प्रपोजल घेऊन तिकडे पळतो. कायदा असा की ५०० कोटींची नेटवर्थ, किंवा १००० कोटींची उलाढाल, किंवा ५ कोटी निव्वळ नफा, यातलं एक जरी असलं तर कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे, आणि आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यायचं. १ एप्रिल २०२१ पासून संस्थेकडे सीएसआर-१ ची नोंदणी पाहिजे आणि अशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. हे सगळं असलं तरी प्रपोजलमध्ये लोक पगार लिहायला घाबरतात, कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की "सीएसआरमध्ये पाच टक्क्याच्या वर ॲडमिन चालत नाही". ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. अभ्यासिकेच्या प्रकल्पात अभ्यासिका चालवणाऱ्या बाईचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च, तो तसाच, त्याच्या नावाने लिहा. समोरचा ऑफिसर काटेल फार तर, पण न लिहिलेलं तर तो वाढवणार नाही ना. आणि कंपनीचे पैसे तीन वर्षांनी थांबतात हे पहिल्या दिवसापासून धरा, म्हणून ती ऐंशी घरं सोडायची नाहीत.

कंपनीचा माणूस येतो तेव्हा पहिलं काय बघतो माहितीय? इमारत नाही बघत. ट्रस्टचं परिशिष्ट एक मागतो, म्हणजे धर्मादाय कार्यालयात विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत. आणि आपल्याकडे त्यात निम्मी माणसं वारलेली असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो कोणी देत नाही, कारण अर्जासोबत सभेचं इतिवृत्त लागतं, इतिवृत्ताची वही सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी डोंबिवलीला. मग पंधरा वर्षांचे बदल अर्ज एकदम, वकील, खेपा, आणि तोवर कंपनी दुसऱ्या गावात गेलेली. दरवर्षी सभा झाली की त्याच आठवड्यात अर्ज टाका, इतकं सोपं आहे हे.

यातूनच मुंबईकर विरुद्ध गाववाले हा खेळ सुरू होतो. पैसे तिकडून येतात म्हणून अध्यक्ष तिकडचा, सही तिकडची, आणि राबणारी माणसं इकडची. दोनशे रुपयांचा बल्ब आणायचा तरी भांडुपला फोन. माझं म्हणणं साधं आहे, चेकवर दोन सह्या असाव्यात आणि त्यातली एक गावात राहणाऱ्याची असलीच पाहिजे, आणि महिन्याला पाचेक हजारांपर्यंतचा खर्च गावातल्या माणसाने न विचारता करावा, नंतर बिलं दाखवावीत. ज्याला एवढाही विश्वास टाकता येत नाही त्याने अध्यक्ष होऊ नये. मोठी देणगी दिली म्हणून कोणी अध्यक्ष होत असेल तर तेही नको, त्याला मानाने पहिल्या रांगेत बसवा, नारळ द्या, शाल द्या.

अध्यक्षांबद्दल अजून एक. पंचवीस पंचवीस वर्षं एकच माणूस असतो, बहुतेक वेळा चांगलाच असतो, त्याच्यामुळेच संस्था उभी असते हेही खरं. पण त्याला विचारा की तुम्ही उद्या आजारी पडलात तर बँकेचं पासबुक, पॅनकार्ड, नोंदणीचं सर्टिफिकेट, आयकरच्या पोर्टलचा पासवर्ड कुठे आहे हे अजून कोणाला माहितीय? पासवर्ड तर हमखास पुण्याला असलेल्या भाच्याच्या मोबाईलवर असतो. ही सगळी माहिती एका फायलीत, फाईल संस्थेच्या कपाटात, चावी दोघांकडे. आणि दोन वर्षांनी पद सोडायचं असेल तर आजपासून पुढच्या माणसाला शेजारी बसवा, बँकेत सोबत न्या, सीएकडे सोबत न्या. शक्यतो एखादी बाई. गावात कायम राहणारी, हिशोब कळणारी, बचत गट चालवून दाखवलेली माणसं आपल्याकडे बायकाच आहेत, आणि कार्यकारिणीत त्यांची नावं फक्त हळदीकुंकवाच्या दिवशी आठवतात.

पगार घेणाऱ्या ताईंना कार्यकारिणीच्या सभेला बोलवा. त्यांना मत नसेल घटनेप्रमाणे, नसू दे, पण खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या, पोरं किती येतात, कुठली पुस्तकं मागतात, छप्पर कुठे गळतं हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत असतं. पगाराचा विषय असेल तेव्हा त्यांनाच चहा करायला आत पाठवायचं, हा जो प्रकार बऱ्याच ठिकाणी बघितलाय, तो बंद करा. चहा अध्यक्षांनी करावा, त्यांना तसंही सभेत काही काम नसतं.

आणि सभेच्या नोटिशीत विषयांचा क्रम नीट लावा. एक नंबरला मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, ते असतंच, दोन नंबरला लगेच पगार आणि चालू खर्च, सत्कार अगदी शेवटी. सत्कार आधी ठेवलेत तर सत्कारमूर्ती आणि त्यांचे सगळे पाव्हणे बटाटेवडा खाऊन निघून जातात, आणि पगाराच्या विषयाला गणपूर्ती राहत नाही.